पिशव्यांची पिशवी

आजीच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एका खिळ्याला पिशव्यांची पिशवी टांगलेली असायची. तुमच्याही घरी असेल. २०१८मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. म्हणालो, "आजी, टाकून दे हे सगळं." ती म्हणाली, "टाकू म्हणजे कुठे टाकू?" मला उत्तर आलं नाही. तिनं क्रोशाची जाड सुई काढली आणि पायपुसणं विणायला घेतलं.

पिशवी सपाट करायची, वरचे बंद आणि खालची चिकटवलेली कड कापून टाकायची, मग आडव्या पट्ट्या कापायच्या. पट्टी उघडली की तिचं कडं होतं. कड्यात कडं अडकवून ओढलं की एकही गाठ न मारता लांबच लांब दोरा तयार! हे इतकं सहज का जमतं, ते मला पुढे एका पेटंटमध्ये सापडलं.

स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीतल्या स्टेन गुस्ताफ थुलीन यांच्या पिशवीला १९६५मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. प्लास्टिकची सपाट नळी घ्यायची, दोन्ही टोकं उष्णतेनं चिकटवायची आणि वरून एक तुकडा कापून बंद काढायचे. अंगाला कुठेच जोड नाही, म्हणून पातळ असूनही दणकट. आजी कापत होती ती हीच नळी. थुलीन स्वतः पिशवी घडी करून खिशात बाळगत, असं त्यांच्या मुलानं सांगितलं आहे. पिशवी पुन्हा पुन्हा वापरायचीच होती. ती इतकी स्वस्त झाली, की जपायची गरजच कुणाला वाटेना.

पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियात न्जाऊ गावच्या शेळ्या फेकलेल्या पिशव्या खाऊन मरत होत्या. १९९७मध्ये इसातू सीसे यांनी आणखी चार बायकांना सोबत घेतलं. पिशव्या वेचून, धुऊन, पट्ट्या कापून त्या क्रोशानं पर्स विणू आणि विकू लागल्या. २०१५मध्ये त्या देशानंही प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली. अडचणीत क्रोशा कामाला येण्याची ही पहिली वेळ नव्हती. १८४५नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या नन्सनी बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली होती. त्या विक्रीवर कित्येक घरं तगली.

आजीच्या एका पायपुसण्यात चाळीसेक पिशव्या गेल्या, आणि आठवडाभराच्या दुपारी. कारखान्यातलं मशीन तेवढ्या पिशव्या मिनिटभरात काढतं. ही शर्यत सुईनं जिंकायची नाही. शिवाय पायपुसणं झिजलं, तरी प्लास्टिक संपत नाही. पण त्या चाळीस पिशव्या गेली काही वर्षं नाल्यात नाहीत, गाईच्या पोटात नाहीत. माझ्या पुण्यातल्या खोलीच्या दाराशी आहेत.

गेल्या महिन्यात त्याची कड उसवली. व्हिडिओ कॉलवर आजीनं मला मुका खांब शिकवला. माझे टाके वाकडे आहेत, पण कड पुन्हा बसली आहे.