घंटेची शाळा आणि घरचा पाठ

वसईच्या किल्ल्याच्या पंचक्रोशीत होळी, पापडी, सांडोर ह्या वस्त्यांतून जी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांच्या मुलांची पहिली शाळा कोणती, असा प्रश्न केला तर उत्तर सरकारी दप्तरात सापडावयाचे नाही. ती देवळाच्या घंटेची शाळा होय. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि शिपायांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन व जेझुइट पाद्री तेथे आले.

ह्या शाळेचा अभ्यासक्रम अगदी आटोपशीर होता. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, मरियेचा नमस्कार, विश्वासाची कबुली आणि दहा आज्ञा. परंतु घरच्या अभ्यासाची अपेक्षा मात्र भारी असे. १५४२ साली गोव्यास उतरलेला फ्रान्सिस झेविअर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरे, मुले गोळा करी आणि धर्मपाठ त्यांच्याकडून चालीवर म्हणवून घेई. पुढे दक्षिणेतील कोळ्यांच्या किनाऱ्यावर त्याने मुलांस बजाविले की, शाळेत जे शिकलात ते घरी जाऊन आईबापांस, घरच्या माणसांस व शेजाऱ्यांस शिकवा. १५४४ आणि १५४८ मध्ये तो वसईसही येऊन गेला. आपल्याकडील पंतोजी धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेई, पावकी-निमकी घोकवून घेई; घोकंपट्टी दोन्हीकडे सारखीच. पण मुलाने घरी जाऊन बापाचा गुरू व्हावे, ही कल्पना पंतोजीच्या स्वप्नातही आली नसेल.

ह्या पद्धतीत खरी अडचण भाषेची होती. वाडवळी किंवा सामवेदी बोलणाऱ्या पोराने परक्या भाषेतील प्रार्थना तोंडपाठ केली, तरी ती त्याला उमगली काय? झेविअरने दक्षिणेत प्रार्थनांचे तमिळ भाषांतर करवून घेतले, ते ह्याचसाठी. फादर थॉमस स्टीफन्सने तर गोव्यात कोकणी भाषेत गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तररूपाने धर्मशिक्षणाचे पुस्तक रचिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली राशोल येथे छापले गेले. त्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ त्याआधी, १६१६ साली निघाले होते; जुनी पुराणे बंद झाल्यावर नव्या ख्रिस्ती लोकांस वाचावयास काही हवेच होते. इतके होऊनही १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढिले की, रयतेने तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावयास शिकावे! शिक्षणाचा ज्याला गंध आहे, त्याने असा हुकूम काढला नसता.

वसईच्या जेझुइटांजवळ शिकलेला एक मुलगा मात्र भाषेतच निष्णात निघाला. गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास वसईस जन्मला. कोवळ्या वयातच तो पाद्रींबरोबर जपानास गेला आणि तेथील भाषा त्याने इतकी आत्मसात केली की, १५९३ मध्ये मनिलाहून गेलेल्या फ्रान्सिस्कन वकिलातीचा तो हिदेयोशीच्या दरबारी दुभाषी झाला. १५९७ साली नागासाकी येथे त्याला क्रुसावर मरण आले. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिले.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज पाद्री बहुतेक निघून गेले, देशी पाद्री थोडे उरले. अशा वेळी धर्म टिकला तो ग्रंथांवर नव्हे, तर सांजवेळी आजीने नातवंडांकडून म्हणवून घेतलेल्या पाठावर, असेच म्हणावे लागते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनने वेगळी वाट धरिली. १८१५ साली मुंबईत त्यांची मराठी शाळा सुरू झाली. वाचन, लेखन व हिशेब शिकविण्यास पुष्कळ ठिकाणी हिंदू पंतोजीच नेमावे लागले; दहा आज्ञा आणि प्रश्नोत्तरे तेच पाठ करून घेत. हिशेब पक्का होतो म्हणून आईबाप मुले पाठवीत, आणि प्रश्नोत्तरांकडे काणाडोळा करीत. मुलींसाठी अशी शाळा १८२४ मध्ये निघाली. तेथे घरचा पाठ म्हणवून घ्यावयास घरी वाचता येणारी बाई मात्र क्वचितच असे.