लोहाऱ्याचा इतिहास कोण लिहिणार?

मंडळी, या वीकएंडला जरा वेगळा विषय घेतोय. आपल्या धंद्यात मंदी असो की तेजी, नोकरी बदलायची म्हटली की कुठे बघायचं ते तरी माहीत असतं. पण इतिहासात एम.ए. केलं, नेट-सेट पास झालं, वर पीएच.डी.सुद्धा केली, अशा माणसाला कसली बातमी येते? कसली संधी येते? आणि तो माणूस पुण्या-मुंबईत नसून यवतमाळात असेल तर?

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं! आहे, आपल्यालाही आहे. कसं ते लोहाऱ्यावरून सांगतो.

लोहारा म्हणजे यवतमाळ शहराला लागून असलेलं गाव. (धाराशिव जिल्ह्यातला लोहारा तालुका वेगळा, गल्लत नको.) आज यवतमाळकराला लोहारा म्हटलं की एमआयडीसी आठवते. पण १९३० च्या पावसाळ्यात हे नाव वेगळ्याच कारणाने गाजलं होतं.

त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि देशभर मिठाचा कायदा मोडायची लाट आली. आता वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रह झाला खरा, पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याचं रोजचं दुखणं मीठ नव्हतं, जंगल होतं. राखीव जंगलात बैल चारायचे तर पैसे, गवत कापायचं तर परवाना. म्हणून इथल्या पुढाऱ्यांनी डोकं लढवलं : मीठ नाही तर गवत! १० जुलै १९३० ला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी परवान्याशिवाय गवत कापून कायदा मोडला. अणे मूळचे वणीचे, वकिली यवतमाळात. त्यानंतर ११ दिवसांनी, २१ जुलैला, लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळिराम हेडगेवार आणि त्यांच्या तुकडीने तेच केलं. संघाच्या सरसंघचालकपदाची जबाबदारी त्यांनी तेवढ्या काळापुरती डॉ. परांजपे यांच्याकडे दिली होती. हेडगेवारांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि रवानगी अकोल्याच्या तुरुंगात.

आता गंमत बघा. ही हकीकत आपल्याला कळते ती थोरांच्या चरित्रांतून. चरित्र ज्याचं, कॅमेरा त्याच्यावर. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण मला पडणारे प्रश्न वेगळेच आहेत. ते गवत एरवी कोण कापायचं? चराईचे दर काय होते आणि ते कुणाला जड जात होते? यवतमाळ म्हणजे कोलाम, गोंड, आंध, बंजारा या सगळ्यांचा जिल्हा. जंगल तर त्यांच्या दाराशी. मग सत्याग्रहात ते होते का, की नुसते बघत होते? पुढारी तुरुंगात गेल्यावर गावात काय झालं? फॉरेस्ट गार्ड त्याच गावचा असेल तर त्याची काय पंचाईत झाली असेल!

या प्रश्नांची उत्तरं चरित्रकार देणार नाही. ते काम तिथे राहणाऱ्या, तिथली बोली कळणाऱ्या आणि दोन-तीन वर्षं निवांत कागद चाळू शकणाऱ्या इतिहासकाराचं आहे. आणि 'निवांत' या शब्दापाशीच सगळी गाडी अडते.

पूर्वी हे काम कोणी केलं? बऱ्याचदा वकिलांनी. 'वऱ्हाडचा इतिहास' हे पुस्तक १९२४ साली आलं, ते लिहिणारे यादव माधव काळे बुलढाण्याचे वकील. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे हेही वकील. त्यांचं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ चं. त्यांनी यवतमाळात शारदाश्रम ही संशोधन संस्था उभी केली, पोथ्या जमवल्या. महानुभावांच्या पोथ्या म्हणजे साधं प्रकरण नाही हो. त्यातल्या बऱ्याच सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या, म्हणजे आपल्या भाषेत एन्क्रिप्टेड! त्यातली सकळ लिपी राजवाड्यांनी उलगडली, तेव्हा कुठे बाहेरच्या अभ्यासकांना तो खजिना वाचता यायला लागला.

नागपुरात वासुदेव विष्णु मिराशी होते. ते संस्कृतचे प्राध्यापक. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा जाडजूड खंड १९६३ साली निघाला आणि आजही वाकाटकांवर काम करणाऱ्याला तो उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या लोकांचं नेटवर्क कसं चालायचं? पत्रं, मंडळांच्या बैठका, वार्षिक अंक, परिषदा. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. १९३५ साली पुण्यातच जी परिषद भरली, तिचीच पुढे इंडियन हिस्ट्री काँग्रेस झाली. १९५० साली तिचं अधिवेशन नागपूरला झालं. त्या काळात 'बातमी' म्हणजे काय असायची? अमक्या गावी ताम्रपट सापडला, तमक्या वाड्यात दप्तर आहे, मालक दाखवायला तयार आहे, लवकर या. बातमी कागदाची असायची आणि संधीही कागदाचीच.

पण जुन्या काळाचे गोडवे गायला नकोत. वकिलीवर घर चालत होतं, म्हणून इतिहास जमला. ज्याचं पोट हातावर होतं, त्याला हा छंद कसा परवडणार? साहजिकच कोणाचा इतिहास लिहायचा हे त्याच घरांतून ठरत गेलं. पुढे विद्यापीठं आली, कॉलेजं आली (यवतमाळ आज अमरावती विद्यापीठाखाली येतं, ते १९८३ चं), पगारी प्राध्यापक आले, आणि शेतकऱ्याची, कोलामाची पोरंही इतिहासकार होतील अशी आशा निर्माण झाली. हा फार मोठा बदल होता.

आणि इथेच घोळ झाला.

आज विदर्भात इतिहासात पीएच.डी. झालेल्याला विचारा, काय चाललंय? पुष्कळदा उत्तर येतं, 'सीएचबीवर आहे.' म्हणजे क्लॉक अवर बेसिस, तासिका तत्त्व. शिकवले तितक्या तासांचे पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही, ते जूनमध्ये कळणार. आपल्याकडच्या कंत्राटी डेव्हलपरचे हाल मी पाहिलेत, पण त्यालासुद्धा महिन्याचं बिल लावता येतं!

त्यात २०१० साली यूजीसीने एपीआय नावाची गुणपद्धत आणली. सेमिनारला गेलात, इतके गुण. पेपर छापलात, इतके गुण. आपल्या धंद्यात कोडच्या ओळी मोजून पगार ठरवला तर काय होईल? लोक ओळी वाढवतील. तसंच झालं. सेमिनारांचं पीक आलं, पैसे घेऊन छापणारी जर्नलं निघाली. ती आवरायला २०१९ साली केअर नावाची मान्यताप्राप्त यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. आता कुठलं जर्नल चांगलं हे संस्थांनी आपापलं ठरवायचं. हे सगळं होत असताना लोहाऱ्याचं गवत तिथेच.

संधी अगदीच नाहीत असंही नाही, बरं का. नेटमधून जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या समाजगटांतल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. महाज्योती तर नागपूरचीच. भारतीय इतिहास अनुसंधान परिषद १९७२ पासून आहे, तिच्या शिष्यवृत्त्या आहेत, प्रवासाची अनुदानं आहेत. लीळाचरित्र जिथे घडलं त्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. जुन्या पोथ्या वाचणाऱ्या माणसांना त्यामुळे कामं मिळायला हवीत.

पण एक लक्षात घ्या. अधिछात्रवृत्ती पीएच.डी.पुरती. ती संपली की पुन्हा सीएचबी, नाहीतर स्पर्धा परीक्षांचे क्लास. म्हणजे माणूस मोडी शिकतो, अभिलेखागारात कुठला रुमाल कुठे असतो ते त्याला कळायला लागतं, गावातल्या म्हाताऱ्यांचा विश्वास बसतो... आणि नेमकं तेव्हाच तो एमपीएससीच्या पोरांना सनावळ्या पाठ करून घ्यायला लागतो. प्रोजेक्टमधला एकमेव माहीतगार माणूस ट्रेनिंग संपल्यावर सोडून जावा, तसं हे आहे. फक्त इथे डॉक्युमेंटेशनही तोच लिहिणार होता!

लोहाऱ्याचंच काम घ्या. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आलं, १९०२ साली कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेलं, १९०३ साली मध्यप्रांताला जोडलं, १९५६ साली मुंबई राज्यात आलं. एकाच जिल्ह्याचा डेटा हैदराबाद, नागपूर, दिल्ली आणि लंडन अशा चार सर्व्हरवर पसरलेला! नागपूरचं पुराभिलेखागार यवतमाळहून सुमारे दीडशे किलोमीटर. जंगल खात्याच्या फायली, खटल्याचे कागद, तुरुंगाची रजिस्टरं, त्या काळचे अंक शोधायचे. ('लोकमत' मूळचं यवतमाळचंच, १९१८ चं अण्यांचं साप्ताहिक.) दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले बरेच कागद मात्र 'अभिलेख पटल' या पोर्टलवर घरबसल्या बघता येतात. १९३० साली प्रांतांकडून दर पंधरवड्याला केंद्र सरकारच्या गृहखात्याकडे अहवाल जायचे, त्यांपासून सुरुवात करता येईल. तरी ज्याच्या हातात उद्याचे चार तास आहेत की नाही हे नक्की नाही, त्याने नागपूरच्या खेपा कशाच्या जोरावर घालायच्या?

घाईसुद्धा आहे. १९३० साल बघितलेलं माणूस आता सापडणं जवळपास अशक्य. आजोबांकडून ऐकलेली मुलं-नातवंडं आहेत, तीही म्हातारी झाली. घरातले कागद, वह्या, मोडीतली पत्रं प्रत्येक दिवाळीच्या साफसफाईत थोडी थोडी रद्दीत जातात. सरकारी जागा भरायला उशीर झाला तर पुढच्या वर्षी भरता येते. रद्दीत गेलेली वही पुढच्या वर्षी मिळत नाही.

आपण काय करू शकतो? प्राध्यापकांच्या जागा भरणं आपल्या हातात नाही. पण आपल्यातल्या कितीतरी जणांची गावाकडची घरं अजून आहेत. माळ्यावरची ट्रंक टाकण्याआधी उघडा. मोडी वाचता येत नसेल तरी मोबाईलने नीट फोटो काढा, कागद कुठल्या घरातला, कोणाच्या हातचा ते लिहून ठेवा, आणि जिल्ह्याच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या शिक्षकाला कळवा. त्याच्याकडे येणाऱ्या सेमिनारच्या पत्रकांपेक्षा ही बातमी लाखमोलाची असेल. आणि चार मित्र मिळून वर्षाला जितके पैसे हॉटेलात घालवतो, त्यात एखाद्या सीएचबीवाल्याचा उन्हाळाभराचा नागपूरचा प्रवास आणि झेरॉक्स सहज निघतो. एक उन्हाळा, एक गाव, एक प्रश्न. एवढ्याने मोठा ग्रंथ होणार नाही, पण लोहाऱ्यात ते गवत एरवी कोण कापायचं, याचा छडा लागायला सुरुवात तरी होईल.

बघा पटतंय का. चहा झाला असेल तर माळ्यावर एक नजर टाकून या :)