बडतर्फीचा डाग

बेळगावास मराठा पलटणीचे केंद्र असल्यामुळे चिकोडी-निपाणीच्या मुलखास लष्करी चाकरी अपरिचित नाही. परंतु त्या चाकरीच्या अखेरीस हाती पडणारा कागद हा सैनिकाच्या अब्रूचा दाखला असतो, आणि त्यावर ‘बडतर्फ’ अशी नोंद असली तर निवृत्तिवेतनाबरोबर गावातील मानही सहसा जातो.

ही नोंद पुसून घेण्याचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने आझाद हिंद फौजेच्या सैनिकांपुढे उभा राहिला. लाल किल्ल्यातील अभियोगात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल व गुरुबक्षसिंग धिल्लन यांना झालेली आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा सरसेनापती ऑकिन्लेक यांनी जानेवारी १९४६ मध्ये माफ केली, परंतु बडतर्फी व थकीत वेतनाची जप्ती मात्र कायम ठेवली. देह मोकळा करून प्रतिष्ठा अडकवून ठेवणारा हा निर्णय मला तरी शिक्षेइतकाच कठोर वाटतो. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या ‘तलवार’ तळावरून भडकलेल्या नौसैनिकांच्या उठावानंतर शेकडो खलाशी नोकरीस मुकले.

स्वराज्य आले, तरी या माणसांसाठी पलटणीचे दरवाजे उघडले नाहीत. १९४८ मध्ये शासनाने आझाद हिंद सैनिकांवरील कलंक दूर केला, पण त्यांना सैन्यात पुनः घेतले नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून केंद्राचे निवृत्तिवेतन मिळण्यास १९७२ साल उजाडावे लागले, आणि तोवर कित्येक अर्जदार निवर्तले होते. सामान्य सैनिकास बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यासाठी स्वतंत्र सशस्त्र सेना न्यायाधिकरण लाभले ते तर २००७ च्या कायद्याने.