बांधकामस्थळावरील स्वच्छता आणि आरोग्य: भिंतीला पाणी मिळते, हातांनाही मिळायला हवे

नव्या स्लॅबवर रोज पाणी मारले जाते. काँक्रीट ओले राहिले नाही तर ते पुरेसे बळकट होत नाही, हे प्रत्येक कंत्राटदार जाणतो. त्यामुळे पाण्याचा टँकर मागवला जातो, पंप बसवला जातो आणि त्यावर देखरेखही ठेवली जाते. त्याच जागी दिवसभर माल कालवणाऱ्या बिगाऱ्याला जेवणापूर्वी हात धुण्यासाठी नळ मात्र अनेकदा नसतो. बांधकामस्थळावरील वैयक्तिक स्वच्छता हा मजुरांच्या सवयीचा प्रश्न मानला जातो. प्रत्यक्षात तो आधी पाणी, साबण आणि जागा उपलब्ध करून देण्याचा प्रश्न आहे. सवय त्यानंतर येते.

सिमेंट आणि त्वचा

कोरडे सिमेंट निरुपद्रवी वाटते. पाणी मिसळताच ते तीव्र अल्कधर्मी होते. ओल्या सिमेंटचा सामू १२ ते १३ च्या दरम्यान असतो. असा माल त्वचेवर काही तास राहिला तर त्वचा भाजते. सुरुवातीला वेदना होत नाहीत, हा यातील मोठा धोका आहे. गमबुटात शिरलेला किंवा गुडघ्यावर बसून लादी बसवताना कपड्यात मुरलेला माल संध्याकाळपर्यंत खोल जखम करू शकतो.

दुसरा अपाय सावकाश होतो. सिमेंटमध्ये अल्प प्रमाणात षट्‌संयुजी क्रोमियम असते. त्याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. तळहातांना भेगा पडतात, खाज येते, बोटे सुजतात आणि कसबी गवंड्यालाही थापी सोडावी लागते. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील या घटकाचे प्रमाण दशलक्षांश दोन भागांपर्यंत मर्यादित केले, ते याच कारणासाठी.

उपाय साधे आहेत. कापडी हातमोजे ओला माल धरून ठेवतात, त्यामुळे ते उलट घातक ठरतात. पाणी आत न शिरणारे नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. काम करताना अंगठी व घड्याळ काढून ठेवावे, कारण त्यांच्याखाली माल अडकतो. माल अंगाला लागताच स्वच्छ पाण्याने धुवावा, कामाच्या अखेरची वाट पाहू नये. हात रॉकेल, थिनर किंवा वाळूने घासून साफ करण्याची पद्धत त्वचेचे नैसर्गिक तेल काढून टाकते आणि अपाय वाढवते. खोबरेल तेल काम संपवून हात धुतल्यानंतर लावणे उपयुक्त आहे, मात्र ते हातमोज्यांची जागा घेऊ शकत नाही. डोळ्यात सिमेंट गेल्यास किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि तातडीने डॉक्टरांकडे जावे. डोळा चोळू नये.

धुळीचा मागमूस

ग्रॅनाइट कापणे, लादी घासणे, काँक्रीट फोडणे या कामांत स्फटिकमय सिलिकाची सूक्ष्म धूळ उडते. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात अडकते. न दिसणारी फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचते आणि तिथे कायमचे व्रण करते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही आणि क्षयरोगाची शक्यता वाढवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला.

तोंडावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. कापताना पात्यावर पाण्याची धार सोडणे हा पहिला उपाय आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मुखवटा हा दुसरा. कोरडा झाडू मारण्याऐवजी आधी पाणी शिंपडावे. धुळीचे कपडे अंगावर तसेच ठेवून मजूर खोपटात परतला, तर तीच धूळ लहान मुलांच्या अंथरुणावर पोहोचते. कपडे बदलण्यासाठी आडोसा आणि आंघोळीला पाणी ही त्यामुळे चैन नसून कुटुंबाच्या आरोग्याची गरज आहे.

साठलेले पाणी आणि हिवताप

गोव्याला बांधकाम आणि हिवतापाचे नाते जवळून ठाऊक आहे. १९८६ मध्ये पणजीत हिवतापाची साथ उद्भवली, तेव्हा शहरातील वाढत्या बांधकामांशी तिचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला. अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी हा शहरी हिवतापाचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. स्लॅबवर बांध घालून साठवलेले पाणी, सिमेंटची टाकी, लिफ्टचा खड्डा आणि उघडे पिंप या त्याच्या आवडत्या जागा होत. डेंग्यूचा एडिस डासही पिंपात आणि टाकून दिलेल्या डब्यांत वाढतो.

अंड्यातून पूर्ण डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी, पिंपे व वाफे पूर्ण रिकामे करून कोरडे ठेवले, तर डासांची साखळी तुटते. जी टाकी रिकामी करता येत नाही तिला घट्ट झाकण असावे किंवा तीत गप्पी मासे सोडावेत. हिवतापाचा डास रात्री चावतो, त्यामुळे मजुरांच्या खोपटांत मच्छरदाण्या असणे आवश्यक आहे.

गोव्यात सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली बांधकाम मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्यपत्र देण्याची व्यवस्था आहे आणि ते मिळवून देण्याची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्यावर आहे. ताप आलेल्या मजुराला ‘गोळी घे आणि झोप’ असे न सांगता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. विवॅक्स प्रकारच्या हिवतापात प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप तीन-चार दिवसांत उतरतो आणि मजूर दुसऱ्या कामावर निघून जातो. अपुऱ्या उपचारामुळे यकृतात दडलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो आणि नव्या वस्तीत पसरतो. मुकादमाने या गोळ्यांचा हिशेब ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

पाणी, जेवण आणि तंबाखू

पिण्याचे पाणी आणि बांधकामाचे पाणी एकाच पिंपातून घेणे हे अतिसार व काविळीला निमंत्रण आहे. पिण्याचे पाणी झाकलेल्या, तोटी असलेल्या भांड्यात ठेवावे, जेणेकरून त्यात हात किंवा पेला बुडणार नाही. मार्च ते मे या काळात उन्हात काम करणाऱ्यास तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी मिळायला हवे.

तळहातावर तंबाखू-चुना मळण्याची सवय बांधकामावर सर्रास दिसते. न धुतलेल्या हातावर मळलेल्या तंबाखूबरोबर सिमेंट, रंगातील रसायने आणि मातीतील जंतूही थेट तोंडात जातात. तंबाखू सोडणे सर्वांत उत्तम. ती सुटेपर्यंत निदान हात धुण्याची सोय हवी. जेवणाची जागा धूळ व रसायनांपासून दूर असावी आणि तिच्याजवळच नळ व साबण असावा. नळ दोन मजले खाली असेल तर तो वापरला जात नाही.

स्वच्छतागृह आणि महिला कामगार

स्वच्छतागृहाच्या अभावाची झळ महिलांना सर्वाधिक बसते. घमेली वाहणारी स्त्री दिवसभर लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी पिणे टाळते. परिणामी मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि उन्हाळ्यात उष्माघाताचा धोकाही वाढतो. मासिक पाळीत आडोसा, पाणी आणि झाकणाची कचरापेटी नसेल तर तिला काम बुडवावे लागते, म्हणजे मजुरीही बुडते. आतून कडी असलेले, दिवा असलेले स्वतंत्र स्वच्छतागृह पहिल्या दिवसापासून, पाया खणण्याआधीच उभे राहायला हवे.

जखम झाल्यास

सेंट्रिंगच्या फळीतील खिळा पायात घुसणे ही रोजची घटना आहे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. तिच्यावर माती, चुना किंवा हळद लावू नये. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि जखम खोल असल्यास, रक्त फारसे आले नसले तरी, धोका असतो. लशीची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यावी. खोल व घाण जखम असेल आणि आधीच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा मात्रा घ्यावी लागते. पावसाळ्यात पायाच्या खड्ड्यातील पाण्यात उघड्या जखमेने उतरल्यास लेप्टोस्पायरोसिसही होऊ शकतो. गंभीर अपघातात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कायदा काय सांगतो

इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९६ याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या बांधकामासाठी स्पष्ट निकष घालून दिले. पिण्याच्या पाण्याची जागा धुण्याच्या जागेपासून, मुतारीपासून वा शौचालयापासून सहा मीटरच्या आत नसावी आणि तिथे बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत तसे लिहिलेले असावे. गोव्यातील बांधकामांवर कर्नाटक, ओडिशा, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल येथील मजूर असतात. तिथे मराठी, कोकणी किंवा इंग्रजी फलकाने हा हेतू साधत नाही. तात्पुरता निवारा विनामूल्य द्यावा, त्यात स्वयंपाक, आंघोळ व शौचाची वेगळी सोय असावी आणि पन्नासहून अधिक महिला कामगार असल्यास सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी, असेही या कायद्याने सांगितले. २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला. पाणी, स्वच्छता व प्रथमोपचार पुरवण्याची जबाबदारी तिथेही मालकावरच आहे. अठरा ते साठ वर्षे वयाच्या आणि मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केलेल्या कामगाराला कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते.

दहापेक्षा कमी माणसे असलेल्या घरबांधणीवर यातील बरेच नियम लागू नसतील, पण सिमेंट, धूळ आणि डास माणसे मोजत नाहीत. स्वतःचे घर बांधणाऱ्याने चिरे उतरवण्याआधी पाच गोष्टी पाहाव्यात: तोटी असलेले पिण्याच्या पाण्याचे भांडे, साबणासह नळ, कडी असलेले स्वच्छतागृह, प्रथमोपचाराची पेटी आणि आठवड्यातील एक कोरडा दिवस. घराच्या एकूण खर्चात हा खर्च नगण्य असतो. ज्या हातांनी भिंत उभी राहते, ते हात जेवणाआधी धुतले जातील एवढी तजवीज त्यात सहज होते.