पशुप्रदर्शनातील गुणांकन : पंचांची नजर आणि गुणांचे गणित

वऱ्हाडातील यात्रांमध्ये व कृषी प्रदर्शनांमध्ये जनावरांची स्पर्धा हमखास गर्दी खेचते. पहिला क्रमांक मिळवणाऱ्या जनावराची किंमत त्याच दिवशी वाढते. ते जनावर वळू किंवा रेडा असेल, तर पुढील काही वर्षे परिसरातील गाई-म्हशी त्याच्याकडेच नेल्या जातात. साहजिकच पंचांची चूक चषकापुरती मर्यादित राहत नाही. ती पुढच्या पिढीत उतरते.

शंकरपटात हा प्रश्न तुलनेने सोपा असतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट विदर्भात प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बंद झालेल्या बैलांच्या शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. पटावर जोडीचा वेळ घड्याळाने मोजला जातो. वाद झालाच, तर तो जोडी नेमकी कधी सुटली याचा. जनावराच्या ठेवणीला मात्र घड्याळ लावता येत नाही.

तेथे पहिला प्रश्न असतो तो आदर्श कोणता मानायचा, हा. पूर्णाथडी म्हशीचे उदाहरण घ्यावे. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात आढळणाऱ्या या म्हशीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद २०२२-२३ मध्ये झाली. फिकट तपकिरी ते पांढुरका असा भुरा रंग ही तिची ओळख. याउलट हरियाणाची मुऱ्हा काळीभोर, जिलेबीसारख्या वळलेल्या शिंगांची. तर अचलपूरच्या जुन्या नावावरून ‘एलिचपुरी’ असेही म्हटली जाणारी नागपुरी म्हैस पाठीकडे गेलेल्या लांब, तलवारीसारख्या शिंगांची. पंचाच्या डोळ्यांसमोर मुऱ्हा असेल, तर पूर्णाथडीचे गुण नेमके तिच्या जातिलक्षणांवरच कापले जातील. म्हणून प्रत्येक जातीचा गट वेगळा ठेवणे आणि तिची लक्षणे स्पर्धेपूर्वीच लेखी जाहीर करणे, ही न्याय्य परीक्षणाची पहिली अट होय.

दुसरी अट गुणपत्रकाची. अमेरिकेत १९४३ मध्ये दुधाळ गाईंसाठी तयार झालेल्या एकत्रित गुणपत्रकाचे जुने कोष्टक असे होते : सर्वसाधारण ठेवण ३०, दुधाळपणाची लक्षणे २०, शरीराची क्षमता २० व कास ३०. अरबी घोड्यांच्या प्रदर्शनांत जातिवैशिष्ट्य, डोके व मान, धड व पाठ, पाय आणि चाल या पाच बाबींना प्रत्येकी २० गुण देण्याची पद्धत रूढ आहे. बरोबरी झाल्यास आधी जातिवैशिष्ट्याचे आणि नंतर चालीचे गुण पाहतात. सुंदर डोक्यावर भाळलेल्या पंचालाही त्यामुळे वाकड्या पायांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

एवढे करूनही बेरजेतून अन्याय होऊ शकतो, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा, तीनपैकी दोन पंचांनी एका जनावरास ८२ व दुसऱ्यास ८१ गुण दिले. तिसऱ्याने पहिल्यास ६५ व दुसऱ्यास ८५ दिले. बेरीज अनुक्रमे २२९ व २४७ होते. दोन पंचांचे मत एका बाजूला असताना निकाल एकट्या तिसऱ्या पंचाने फिरवला, तोही केवळ हात सैल सोडून! यावर उपाय दोन. पंच तीनच असतील, तर गुणांऐवजी प्रत्येक पंचाने लावलेले क्रमांक मोजावेत. पाच असतील, तर सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण वगळावेत. एखाद्या बाबीसाठी १७, १७.५, १७, १८ आणि १२ असे गुण पडले, तर सरळ सरासरी १६.३ येते; दोन टोके वगळल्यास ती सुमारे १७.२ होते.

मैदानावरच्या युक्त्या जुन्याच आहेत. कास भरलेली दिसावी म्हणून दूध तुंबवले जाते, शिंगांना तेल चोपडले जाते, वय कमी सांगितले जाते. वयासाठी दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे पंचांनी स्वतः तोंड उघडून पाहावे. दूध स्पर्धेत आदल्या संध्याकाळी पंचांसमोर कास रिकामी करून मगच पुढील धारांचे माप घ्यावे. मालकाचे नाव झाकून बिल्ल्यावर केवळ क्रमांक टाकण्याची पद्धत चांगली. परंतु गावात कोणाची म्हैस कोणती हे सर्वांनाच ठाऊक असते. तेव्हा पंच दुसऱ्या जिल्ह्यातला असलेला बरा.

छायाचित्रांवरून किंवा चित्रफितीवरून परीक्षण करायचे झाल्यास दक्षता अधिक हवी. कॅमेरा खाली धरला की जनावर उंच दिसते, फार जवळून घेतल्यास पुढचा भाग उगाच मोठा भासतो आणि पुढचे पाय उंचवट्यावर ठेवले की खांदा उठावदार वाटतो. त्यामुळे सपाट जमीन, धडाच्या मध्याच्या उंचीवर कॅमेरा, बाजूने, समोरून व मागून अशी तीन छायाचित्रे आणि चालतानाची न कापलेली एक फीत, असा नियम सर्वांना सारखा असावा. प्रवेश क्रमांक व तारखेची पाटी चौकटीत दिसलीच पाहिजे. घोडेस्वारीतील ड्रेसाज प्रकाराच्या ऑनलाइन स्पर्धांत संपूर्ण फेरी एकाच ठरावीक जागेवरून, सलग चित्रित करण्याची अट असते, ती याच कारणासाठी.

ड्रेसाजमधली आणखी एक रीत आपल्याकडे आणण्याजोगी आहे. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देताना पंच शेजारच्या रकान्यात शेरा लिहितात आणि तो कागद स्वाराला मिळतो. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २०२३ मध्ये अनुष अगरवालाने ७३.०३० टक्के गुणांसह वैयक्तिक कांस्यपदक मिळवले, त्या आकड्यामागेही अशा अनेक रकान्यांची बेरीज होती. हरलेल्या पशुपालकाच्या हाती असे गुणपत्रक पडले, तर आपली म्हैस कासेत मागे पडली की पायांत, हे त्याला घरी जाण्यापूर्वीच कळेल.