परक्या घराचा पहिला वृत्तान्त : आनंदीबाई, रमाबाई आणि मेरी अँटिन

स्थलांतराच्या साहित्याचा विचार करताना जहाज, बंदर, महानगर आणि यंत्रे यांविषयीच्या पहिल्या नोंदींकडे अभ्यासकांचे लक्ष सहज वेधले जाते. नव्या देशातील घरांविषयीच्या नोंदी मात्र बहुधा ‘सामाजिक माहिती’ म्हणून वेगळ्या काढल्या जातात, आणि त्या देशातील कुटुंबव्यवस्थेचा पुरावा म्हणून वापरल्या जातात. हा वापर कितपत ग्राह्य आहे, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी १८८३ ते १८९४ या अकरा वर्षांत अमेरिकेत पोहोचलेल्या तीन स्त्रियांचे लेखन येथे शेजारी ठेवले आहे. त्यांपैकी आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई या मराठी. तिसरी मेरी अँटिन ही रशियन साम्राज्यातील पोलोत्स्क गावची यिद्दिशभाषक ज्यू मुलगी. पहिली शिक्षणासाठी गेली, दुसरी निमंत्रणावरून गेली, तिसरी कायमची राहण्यासाठी गेली. हा भेद लहान नाही. किंबहुना तोच तुलनेला उपयोगी पडणारा आहे.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या. न्यू जर्सीतील रोझेल येथे थिओडोशिया कार्पेंटर यांच्या घरी त्यांचे पहिले वास्तव्य झाले. या दोघींचा पत्रव्यवहार १८८० पासूनच चालू होता. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र एका धर्मविषयक नियतकालिकात छापून आले, आणि ते कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले, हे त्याचे मूळ. म्हणजे घर पाहण्यापूर्वीच नाते जुळले होते, आणि ते नाते शब्दांत ठरले होते : कार्पेंटरबाई ‘मावशी’ झाल्या होत्या.

हे संबोधन केवळ जिव्हाळ्याचे मानून पुढे जाता येत नाही. इंग्रजीत ‘आँट’ या एका शब्दात मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघी सामावतात. मराठीला मात्र निवड करावी लागते. मराठी परंपरेत कार्पेंटरबाई मावशीच ठरल्या. मावशी ही आईकडची. तिच्या घरी सासरचा अधिकार चालत नाही. लहानपणीच विवाह होऊन सासरच्या नात्यांत गुंतलेल्या मुलीला परदेशात मिळालेले पहिले घर अशा रीतीने भाषेच्या पातळीवर माहेराच्या बाजूचे ठरले. रोझेलच्या घराचा जो पहिला ठसा तिच्या मनावर उमटला असेल, त्याची जागा या शब्दाने आधीच सिद्ध करून ठेवली होती.

परंतु या घराचा वृत्तान्त ज्याला कळवायचा होता तो वाचक माहेरचा नव्हता. आनंदीबाईंची महत्त्वाची मराठी पत्रे गोपाळरावांना लिहिलेली आहेत. ज्याने शिकवले, ज्याने आग्रहाने पाठवले आणि ज्याची जरब दूर अंतरावरूनही उणी झाली नव्हती, अशा पतीला ती लिहिलेली आहेत. आहार, पोशाख, वागणूक यांविषयी त्याला उत्तर द्यावे लागे. म्हणून या पत्रांतील घरगुती तपशील हे निव्वळ निरीक्षण नसून जबाबही आहेत. शाकाहार पाळला जातो, आपला पेहराव टिकवला जातो, हे सांगताना अमेरिकन घराचे वर्णन होते खरे. पण त्या वर्णनाची चौकट कल्याणच्या घराने आखलेली असते.

याच पत्रव्यवहारात एक वेगळे वळण दिसते. गोपाळरावांनी आपल्याला लहानपणी कसे वागवले, याचा जमाखर्च आनंदीबाईंनी अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी झालेली मारहाण, पुढे अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या यांची त्या क्रमाने आठवण देतात. अंतिम हेतूच्या दृष्टीने ते वागणे योग्य असेल, पण बालमनावरील परिणामांच्या दृष्टीने अयोग्यच होते, असा दुहेरी निर्णय त्या देतात. पतीसमोर उभे राहून हे बोलणे त्या काळच्या स्त्रीला जवळजवळ अशक्य होते. नव्या देशातील कुटुंबजीवनाने आनंदीबाईंना काय दाखवले, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर कार्पेंटरांच्या घराच्या वर्णनात नसून या पत्रात आहे. परक्या घराने त्यांना स्वतःचे घर वाचण्यापुरते अंतर दिले.

रमाबाईंची स्थिती निराळी होती. त्या मार्च १८८६ मध्ये इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आल्या, त्या आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी. तो समारंभ ११ मार्च रोजी झाला. त्या वेळी रमाबाई विधवा होत्या. आईवडील दुष्काळाच्या काळात निवर्तले होते, भाऊही राहिला नव्हता. त्यांचे बालपण तीर्थयात्रेच्या वाटेवर, पुराण सांगत गेलेले. स्थिर गृहस्थीचा अनुभव त्यांच्या वाट्याला फारच थोडा आला होता. ज्या स्त्रीला परत जाऊन जाब द्यावा असे घरच उरले नव्हते, तिने अमेरिकन घर कोणासाठी पाहिले?

याचे उत्तर त्यांच्या दोन ग्रंथांच्या क्रमात मिळते. १८८७ साली फिलाडेल्फियात त्यांचा उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात हिंदू घराचा आतला भाग अमेरिकन वाचकापुढे उघडला गेला. १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा मराठी ग्रंथ आला. त्यात अमेरिकन घराचा आतला भाग मराठी वाचकापुढे उघडला गेला. दोन्ही वेळा घर परक्याला समजावून सांगितले आहे, आणि दोन्ही वेळा सांगणारी व्यक्ती त्या घराची गृहिणी नाही. मराठी ग्रंथात राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्मसंस्था, स्त्रियांची स्थिती व व्यापार यांच्या जोडीने गृहस्थितीलाही स्वतंत्र स्थान मिळाले, हे लक्षणीय आहे. घर हा लोकस्थितीचाच एक भाग आहे, राज्यघटनेइतकाच विवेचनयोग्य आहे, ही भूमिका त्या मांडणीतच अंतर्भूत आहे. आवळ चोळ्या आणि टोप्यांवरील पक्ष्यांची पिसे यांवर टीका करताना रमाबाई भारावलेल्या प्रवाशाची भाषा सोडून न्यायाधीशाची भाषा वापरतात.

रमाबाईंच्या बाबतीत पहिल्या ठशाचे पर्यवसान पत्रात झाले नाही; ते संस्थेत झाले. ज्या वर्षी हा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत शारदा सदन सुरू झाले. शाळा किंवा आश्रम या शब्दांऐवजी ‘सदन’ हा शब्द निवडला गेला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. रक्ताच्या नात्यावाचूनही घर उभे राहू शकते, हा अनुभव ज्यांना स्वतःच्या आयुष्याने आणि प्रवासाने दिला, त्यांनी त्या अनुभवाला दिलेले ते नाव आहे.

आता मेरी अँटिन. तिचे वडील १८९१ साली एकटेच बॉस्टनला गेले होते. आई व भावंडांसह ती १८९४ साली हँबुर्गमार्गे तेथे पोहोचली, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. त्याच वर्षी तिने पोलोत्स्कमधील मामाला यिद्दिशमध्ये एक प्रदीर्घ पत्र लिहिले. त्याचे तिनेच केलेले इंग्रजी रूपांतर १८९९ साली पुस्तकरूपाने आले. शीर्षकात गावाचे नावही चुकीचे छापले गेले. या पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात सीमेवरची अडवणूक आहे, जंतुनाशनासाठी झालेली ओढाताण आहे, समुद्र आहे. आणि बंदरावर तीन वर्षांनी वडील दिसतात तेथे वृत्तान्त संपतो. नव्या घराच्या उंबरठ्याशी येऊन लेखणी थांबते.

घर लिहिले गेले ते अठरा वर्षांनी, १९१२ च्या ‘द प्रॉमिस्ड लँड’ या आत्मचरित्रात. डब्यातल्या अन्नाचे पहिले जेवण, अनोळखी केळे, झुलती खुर्ची हे सारे ‘पहिले ठसे’ तेथे येतात. तोवर लेखिकेची भाषा इंग्रजी झालेली होती आणि वाचक अमेरिकन झालेला होता. म्हणून हे ठसे किंचित विनोदाने, आता नवखे न राहिलेल्याच्या समाधानाने येतात. मात्र त्याच ग्रंथात एक कठोर निरीक्षण आहे. नव्या रीतिभाती आईवडिलांना ठाऊक नसल्याने त्यांना अधिकाराच्या आसनावरून उतरून मुलांकडून शिकावे लागले. घरातले नाते उलटे झाले. धार्मिक आचार शिथिल झाले, आणि त्यांची जागा घेणारे दुसरे काही तत्काळ हाती आले नाही. स्थलांतरित घराच्या मोडतोडीची ही नोंद आहे. मामाला पाठवलेल्या पत्रात ती लिहिणे शक्य नव्हते; कारण पत्र लिहिताना ते घर नुकतेच जुळत होते, आणि मामा त्याच जुन्या व्यवस्थेत बसून ते वाचणार होता.

तिन्ही उदाहरणे एकत्र पाहता काही गोष्टी स्पष्ट होतात. कुटुंबजीवनाचा पहिला ठसा आणि त्याचा पहिला लेख यांत अंतर असते. अँटिनच्या बाबतीत ते अठरा वर्षांचे आहे. वृत्तान्तातील घराचे रूप पाहणाऱ्याच्या नजरेइतकेच वाचकाच्या अधिकाराने ठरते. पती, मराठी लोक, मामा, अमेरिकन राष्ट्र हे चार वाचक चार घरे निर्माण करतात. आणि लिहिणाऱ्याचे त्या घरातील स्थान, म्हणजे मानलेली भाची, अभ्यासक पाहुणी, की मुलगी, हे काय दिसेल याइतकेच काय सांगता येईल हेही ठरवते. आनंदीबाईंना मावशीचे घर मिळाले म्हणून पतीच्या घराविषयी बोलता आले. अँटिनला स्वतःचेच घर बदलताना दिसत होते म्हणून तिला थांबावे लागले.

यावरून असे म्हणता येईल की, अशा लेखनातून ‘पाश्चात्त्य कुटुंब’ शोधणारा अभ्यासक चुकीच्या घराचे दार ठोठावत असतो. त्यात विश्वासार्हपणे सापडते ते मागे राहिलेले घर, आणि त्याला जाब देण्याची रीत. या तुलनेला एक मर्यादा मृत्यूने घातली आहे. अँटिनला आपल्या पहिल्या वृत्तान्ताकडे परत येण्यास अठरा वर्षे मिळाली. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या, तेव्हा त्यांना बावीसावे वर्षही पुरे झाले नव्हते. पुढल्याच वर्षी कॅरोलिन हीली डॉल यांनी बॉस्टनमधून त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, आणि मराठीत काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. रोझेलच्या घराचा दुसरा, शांतपणे लिहिलेला वृत्तान्त आपल्याकडे आहे तो इतरांच्या हातचा. त्यांची रक्षा मात्र कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली गेली. ‘मावशी’ या शब्दाने १८८० च्या पत्रव्यवहारात जे मानले होते, ते त्या कुटुंबाने अखेरपर्यंत पाळले.