संगणकाचा गाभा आणि त्याचे पहारे

१७३९ च्या मे महिन्यात मराठी फौजेने सुरुंग लावून वसईच्या तटाला खिंडार पाडले. एका बुरुजाशी वाट मिळताच उरलेल्या तटाचा आधार संपला आणि पोर्तुगीजांनी किल्ला चिमाजीअप्पांच्या स्वाधीन केला. वालीवच्या श्रोत्यांना हा इतिहास नवा नाही. संगणकाच्या इतिहासातही हाच प्रश्न उभा राहिला: एका बुरुजाबरोबर सगळा किल्ला जावा काय?

संगणकाचा कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वाधिकारी भाग म्हणजे कर्नेल, अर्थात गाभा. पडदा, डिस्क, नेटवर्क चालविणारे ‘ड्रायव्हर’ बहुधा ह्याच गाभ्यात नांदतात. चुकाही तेथेच अधिक. २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्स तपासले, तेव्हा ड्रायव्हरांत चुकांचे प्रमाण इतर भागांच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आढळले.

ह्यावर मायक्रोकर्नेलचा उपाय असा की, गाभा अगदी लहान ठेवावा आणि ड्रायव्हर बाहेर वेगवेगळ्या कोठड्यांत बसवावेत. डेन्मार्कचे पेर ब्रिंक हान्सेन यांनी १९६९ मध्येच लहान गाभ्याची रचना करून दाखविली होती. १९९२ साली टॅनेनबॉम व टोरवाल्ड्स यांचा ह्याच मुद्द्यावर वाद झाला. टॅनेनबॉम यांचा पक्ष तत्त्वाने बळकट होता. पण बाजी लिनक्सने मारली. कोठड्यांमधील निरोपांत वेळ जाई, आणि घरगुती संगणकाला लागणारे असंख्य ड्रायव्हर नव्याने लिहिणार कोण?

वेळेची अडचण १९९३ च्या सुमारास जर्मनीच्या योखेन लीडके यांनी बरीच दूर केली. ड्रायव्हरांसाठी ‘जेनोड’सारख्या प्रकल्पांनी लिनक्सचेच ड्रायव्हर उसने घेऊन कोठडीत बसविले. तरी एक मेख राहतेच. पुष्कळ यंत्रभाग स्मृतीत थेट लिहू शकतात. पहारेकऱ्याला कोठडीत ठेविले, पण त्याच्या हातची तोफ मोकळी राहिली, तर उपयोग काय? म्हणून त्या तोफेचा पल्ला बांधणारी ‘आयओएमएमयू’ ही सोय यंत्रातच असावी लागते.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळे गाभ्यातील तिचा ड्रायव्हर कोसळला आणि जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. ते संकट शत्रूने आणलेले नव्हते. रक्षणासाठी आत घेतलेल्या पहारेकऱ्याचाच पाय घसरला होता. म्हणून पहारेकरी किती आहेत एवढेच न विचारता, त्यांना कोठवर येऊ दिले आहे, हेही विचारले पाहिजे.